झाकणावरचा भंडारा

खोटं बोलणं मला एरवी जमत नाही. शालू, माझी बायको, फोनवर नुसता आवाज ऐकून ओळखते की निघालोय म्हणणारा नवरा अजून टपरीवरच उभा आहे. पण गेल्या एप्रिलात रामकिसन सरांशी मी एक खोटं असं सफाईनं बोललो, की घटकाभर मलाच ते खरं वाटलं. आणि ते मी आईच्या माथी मारलं. माझ्या स्वतःच्या आईच्या.

माझं नाव अजिनाथ. मुकुंदवाडीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं फिशटँकचं दुकान आहे. घरोघरी, दवाखान्यांत, हॉटेलांत टाक्या बसवायच्या, धुवायच्या, आजारी मासे बघायचे, हा माझा धंदा. आमचं घराणं मेंढ्यांमागं फिरणारं. वडील गेल्यावर कळप चुलत्यानं नेला आणि आई, बानाबाई, माझ्याकडं राहायला आली. मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा मासे राखतो याची नातेवाइकांना भारी मौज वाटते. सासरवाडीला जरा जास्तच. ती वैजापूरच्या अलीकडं. मेहुणा पुंडलिक चारचौघांत मला ‘मासेवाले पाव्हणे’ म्हणतो आणि सगळे हसतात. मीही हसतो. पण ते हसू मी घरी घेऊन येतो आणि चार दिवस चघळत बसतो. स्वभाव आहे, काय करणार.

रामकिसन सर सिडकोत एकटे राहायचे. चितेगावच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, वारल्यापासून घरात सर आणि त्यांची टाकी. साधी नाही, खाऱ्या पाण्याची. समुद्र आमच्यापासून तीनशेवर किलोमीटर लांब, पण सर खास मीठ आणून, पाणी गाळून, मोजून-मापून हॉलमध्ये समुद्र करायचे. मासे आठच. बाकी सगळी कोरल, म्हणजे जिवंत पोवळी, टाकीतच वाढवलेली, कायदेशीर कागदपत्रांसकट. त्यातलं एक बबल कोरल बाईंनी स्वतः निवडून आणलेलं. आणलं तेव्हा लिंबाएवढं होतं, अकरा वर्षांत ताटलीएवढं झालं. दिवसा ते फुगायचं, पांढरट हिरवे टपोरे मणी दाटीनं बाहेर यायचे आणि अंधार पडला की आत जायचे. बाई त्याला द्राक्षाचा घड म्हणायच्या. सरही तेच म्हणत.

फेब्रुवारीत सर न्हाणीत पडले. त्यांची मुलगी श्रेया ठाण्याला असते. तिनं हट्टच धरला, की आता इथं एकटं राहायचं नाही. सरांनी सांगितलं, टाकी येणार असेल तर येतो. तिनं बिचारीनं ठाण्याला नवी काचेची टाकी बसवून घेतली, दोन महिने पाणी मुरवलं आणि मग मला फोन केला.

“अजिनाथदादा, बाबांना मी नाही आणत, ती टाकी आणतेय,” ती म्हणाली. “त्यातलं काही गेलं तर ते परत निघून जातील. आणि तिथं पुन्हा पडले तर कुणाला कळणारही नाही.”

मी म्हणालो, काळजी करू नका ताई.

तोवर मी खारी टाकी गल्ली बदलून दिली होती, फार तर गाव बदलून. साडेतीनशे किलोमीटर पहिल्यांदाच. पण तयारी मी चोख केली, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण नंतरचं सांगताना माझ्याजवळ चांगलं असं एवढंच आहे. माशांचं खाणं दोन दिवस आधी बंद केलं. टाकीतलं जुनंच पाणी ड्रमात भरून घेतलं. माझ्या जुन्या व्हॅनचा एसी दुरुस्त करून घेतला आणि दारावर दुकानाचं नाव नव्यानं रंगवून घेतलं. हे दुसरं काम तयारीत मोडत नाही, पण केलं.

सकाळी सहाला सरांकडं पोचलो. आईला बरोबर नेलं होतं, पिशव्या धरायला. तिच्या हातात जीव स्थिर राहतो, हे मी लहानपणापासून बघितलंय. नुकतं जन्मलेलं कोकरू तिच्या हातात पाय झाडायचं थांबतं. सरांनी तिला टाकीजवळ नेलं आणि एकेक दाखवलं. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांमध्ये दोन पोवळी आहेत, आजीकडून आलेली. ती त्यांना हात लावून म्हणाली, “हे आन् हे एकच? जित्तं आसतंय व्हय हे?”

“जितं असतं ताई,” सर म्हणाले. “खातं, झोपतं, रुसतंही.”

द्राक्षाचा घड काढायचं काम शेवटी केलं. फुगलेलं असताना ते पाण्याबाहेर उचलायचं नसतं. आतला सांगाडा धारदार असतो, स्वतःच्याच वजनानं त्याचं मांस फाटतं. म्हणून पाण्यातच हलकं हलकं थोपटायचं, ते भ्यायलं की मणी आत घेतं, मग हळूच भांडं खाली सरकवायचं. हे थोपटणं आईनं केलं. दहा मिनिटं वाकून उभी होती, बाही खांद्यापर्यंत भिजली. बाकी सगळी कोरल थर्माकोलच्या खोक्यांत बसली, हे एक मावेना. ते पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात ठेवलं आणि झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. आत पारा दाखवणारी माझी एक तार सोडली होती, तिचा आकडा मला पुढं बसून दिसायचा. सव्वीस. सरांनीही आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आगपेटीएवढं काहीतरी ठेवलं. मी विचारलं नाही. त्यांना सवय होती असं काहीबाही ठेवायची.

निघताना आईनं कनवटीची पुडी काढली. आमच्या शहरालगतच्या साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा. आमच्यात कळप हलताना पहिल्या मेंढीच्या कपाळाला लावतात आणि उरलेला सगळ्यांवर उधळतात. तिनं व्हॅनच्या नाकाला लावला, मग मागं येऊन प्रत्येक खोक्यावर चिमूट चिमूट टाकला आणि तोंडातल्या तोंडात “यळकोट यळकोट” म्हणाली. बंद खोक्यांवर. चिकटपट्टी मारलेल्या झाकणांवर. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, “वाटंत कुटं बसू नगंस. जित्तराब चालतं ठिवलं तर टिकतंय. उनात हुबं केलं की बसतंय, आन् बसलेलं उठत न्हाय.”

“हो माय,” मी म्हणालो. सर आदल्या दिवशीच रेल्वेनं जाणार होते, पण डबा बंद होईस्तोवर थांबले आणि श्रेयाच्या नवऱ्याबरोबर कारनं पुढं निघाले. दहा वाजता मी एकटाच व्हॅन घेऊन समृद्धी महामार्गाला लागलो.

आता ते सांगतो.

पुंडलिकचा फोन दोन दिवस आधी येऊन गेला होता. नवसाचं बोकड होतं. “दाजी, आमच्या दारावरनं चाललाव आन् न जेवता? आई काय म्हनंल?” आमच्यात जावयानं सासरवाडीच्या वेशीवरून उपाशी जाणं म्हणजे भांडण झालं असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ तीन गावांत पोचतो. हे खरं आहे. पण मी फोनवर सांगितलं असतं की गाडीत जीव आहेत, परतताना येतो, तर कुणी फासावर दिलं नसतं. परतताना गाडी रिकामी असणार होती, हीच अडचण होती. मला भरलेली गाडी दाखवायची होती. दारावरचं नाव दाखवायचं होतं. मासेवाल्या पाव्हण्याला ठाण्यापर्यंत बोलावणं येतं, हे पुंडलिकच्या तोंडावर मारायचं होतं.

सव्वाअकराला वैजापूरला खाली उतरलो. व्हॅन लिंबाखाली लावली, बंद केली. व्हॅन बंद म्हणजे एसी बंद. मागचं दार सताड उघडलं आणि सगळ्यांना खोकी दाखवली, डब्यातलं कोरल दाखवलं, मोबाइलवर ते फुगलेलं असतानाचा व्हिडिओ दाखवला. पुंडलिकनं हसायचं सोडून दोन प्रश्न विचारले. मला काय वाटलं म्हणून सांगू! मग पंगत. मग सासूबाईंनी टॉवेल-टोपी दिली. मग आग्रहाचा आणखी एक रस्सा. दार उघडंच होतं आणि लिंबाची सावली तिच्या वेळेनुसार सरकून गेली होती.

एक वाजता गाडीत बसलो तेव्हा आकडा तेहतीस होता.

कोरल एकतीसच्या पुढं शिजायला लागतं. मला हे माहीत होतं. मी रोज गिऱ्हाइकांना तेच सांगतो. मी त्या नव्या टॉवेलनं डबा बाजूंनी पुसला, गावातून बर्फाच्या बाटल्या घेऊन त्याला खेटून लावल्या, एसी पूर्ण सोडला आणि गाडी दामटली. इगतपुरीला आकडा सव्वीसवर आला. मला बरं वाटलं, हे सगळ्यात वाईट. जणू आकडा उतरला म्हणजे ते दोन तास झालेच नाहीत. टोपी आणि टॉवेल मी सीटखाली सारले.

ठाण्यात सरांनी स्वतः कात्रीनं पट्ट्या कापल्या. सगळं पाण्यात गेलं. द्राक्षाचा घड आकसलेला होता, पण प्रवासानंतर आकसतोच. सर म्हणाले, दोन दिवस देऊ.

तिसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. मी हातातल्या नळ्यांमुळं स्पीकरवर टाकला. आई गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून लसूण सोलत होती. सर म्हणाले, “अजिनाथ, घड गेला. मांस सुटून वर तरंगतंय. बाकी सगळं ठीक आहे, फक्त तोच. असं का झालं असेल?”

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. आरोप असता तर कदाचित मी कबूल केलं असतं, मला चिडल्यावर खरं बोलता येतं. पण त्यांनी विचारलं ते माहीतगार माणसाला विचारतात तसं. आणि मला तेवढ्यात श्रेयाचं बोलणं आठवलं, पुंडलिकचं हसू आठवलं, दारावरचं नाव आठवलं. माझी नजर आईच्या कनवटीकडं गेली.

“सर, काय सांगू,” मी म्हणालो. “आईनं निघताना भंडारा टाकला. हळद असते ती. डब्यात गेली असणार. ती अडाणी आहे, तिला काय कळतं.”

मग सर म्हणाले, “बरं. आईंना काही बोलू नका.” आणि फोन ठेवला.

आईची बोटं थांबली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, चांगलं बघितलं, वळू विकत घेताना बघतात तसं पायापासून वरपर्यंत. मी नळीतलं शेवाळ काढत राहिलो.

“पडला आसंल,” ती म्हणाली. “हात थरथरतोय माजा आताशा.”

आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. तिचा हात थरथरत नाही. त्याच हातानं तिनं दहा मिनिटं ते कोरल थोपटलं होतं.

त्यानंतर तिनं भंडाऱ्याची पुडी देवघरात ठेवून दिली. सकाळी मी गाडी काढताना ती दारात यायची, पण लांब उभी राहायची. मी एकदा म्हणालो, “अगं लाव की.” ती म्हणाली, “नगं. परत काय मेलं म्हंजे.” हे ती रागानं बोलली असती तरी चाललं असतं. ती तसं बोलली नाही, साधं बोलली. मी गाडी सुरू करून निघालो.

रोज ठरवायचो की आज सांगू. सरांना फोन करू, आईला सांगू. मग वाटायचं, आता तीन दिवस झाले, आता आठ झाले. जितका उशीर होईल तितकं सांगणं मोठं होत जातं, आणि मी मोठ्या गोष्टींचा माणूस नाही.

तीन आठवड्यांनी श्रेयाचा फोन आला. सर टाकीकडं पाठ करून बसतात, म्हणाली. परत जायचं म्हणत नाहीत, इथं राहायचंही म्हणत नाहीत. हेही आईनं ऐकलं. संध्याकाळी तिनं मला सांगितलं, “मला तकडं घिऊन चल. माज्या हातनं झालंय, म्या त्येंचे पाय धरते.”

“पाय कशाला, माय. झालं गेलं.”

“न्हाय. माणसाच्या बायकूची निशाणी व्हती ती. घिऊन चल.”

मी चार बहाणे केले. तिनं चारही ऐकून घेतले आणि रविवारी पहाटे ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी फडक्यात बांधून गाडीत जाऊन बसली. वैजापूरचा फाटा आला तेव्हा मी उगीच आरसा नीट केला. ती सरळ समोर बघत होती.

ठाण्यात सर खिडकीशी बसले होते. टाकीत मासे फिरत होते, बाकीची कोरल छान उघडली होती आणि मधोमध पांढरा सांगाडा, दातेरी, धुतल्यासारखा स्वच्छ. सरांनी तो काढला नव्हता. आईनं टाकीशी जाऊन त्याच्याकडं बघितलं, गळ्यातल्या पोवळ्यांना हात लावला. मग वळली आणि सरांसमोर खाली वाकली. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात तिचे, एक हात जमिनीला टेकवून दुसरा त्यांच्या पायाकडं नेला.

“माज्याकडनं चूक झाली दादा. आमच्यात रीत हाय म्हनून टाकला. मला ठावं नवतं.”

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एवढं जवळ. माझं तोंड कुणी धरलं नव्हतं.

सरांनी झटक्यात पाय मागं घेतले आणि तिला दंडाला धरून उठवलं. “ताई, अहो काय करताय,” ते म्हणाले. “भंडारा झाकणावर होता. पट्टीवर पिवळा पट्टा होता, तो मीच कापला. आत कणभरसुद्धा गेला नव्हता. तुमचा काहीएक दोष नाही.”

आई माझ्याकडं वळली. सरही माझ्याकडं बघत होते. दोघंही थांबले होते. श्रेया स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन थांबली होती.

आणि मी म्हणालो, “मग... वाटेत एसीनं दगा दिला असेल, सर.”

सरांनी मान हलवली, होकाराची नाही, नुसती. उठून आत गेले आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आले. माझ्या शर्टाच्या खिशात तो सरकवला आणि खिशावर हलकं थोपटलं. “निवांत बघा,” म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आईशी बोलले. तिच्या भाकरीतली अर्धी खाल्ली, चटणी मागून घेतली, मेंढ्यांना ऊन लागलं की काय करतात ते विचारलं. आईनं सगळं सांगितलं. सर पहिल्यांदाच टाकीकडं तोंड करून बसल्याचं श्रेयानं मला खुणेनं दाखवलं. मला तिच्याकडं बघवलं नाही.

परतताना चहाला थांबलो तेव्हा मी कागद उघडला. आलेख होता. डब्यात ठेवलेलं ते आगपेटीएवढं यंत्र दर दहा मिनिटांनी तापमान लिहून ठेवत होतं. सरळ चाललेली रेघ, मग सव्वाअकराला चढायला लागलेली, एकला टोक, मग घसरण. खाली सरांच्या बारीक अक्षरात तारीख होती. आम्ही पोचलो त्याच दिवसाची. म्हणजे मी हळदीचं सांगितलं तेव्हा हा कागद त्यांच्यासमोर होता. आईंना काही बोलू नका, असं ते तेव्हा का म्हणाले ते मला त्या टपरीवर कळलं.

“काय हाय त्यात?” आईनं विचारलं. तिला वाचता येत नाही. तिनं बोटानं रेघ चढत नेली. “डोंगर काढलाय व्हय?”

आम्ही गाडीत बसलो. काच वर केली. आणि समोरच्या रस्त्याकडं बघत सांगितलं, “माय, मी वैजापूरला थांबलो होतो. पुंडलिककडं जेवायला. गाडी बंद करून. ते उन्हानं मेलं.”

“ठावं हाय,” ती म्हणाली.

मी गाडी सुरूच केली नाही.

“तुजी सासू त्याच दिशी फोनवर बोलली. जावई जेवून गेले, टावेल-टोपी दिली म्हनं.” तिनं वाकून सीटखालून टोपी काढली, झटकली आणि मांडीवर ठेवली. “पैल्या दिसापास्नं ठावं हाय मला.”

“मग कबूल कशाला केलंस? इतक्या लांब येऊन पाया पडायला कशाला गेलीस?”

तिनं टोपीची घडी सरळ केली.

“म्या वाकल्यावर तरी तू बोलशील, आसं वाटलं व्हतं,” ती म्हणाली. “चल आता. उनात हुबी करू नगं गाडी.”